नोंदवहीतला कोरा रकाना

नर्स असताना गुप्तरोगांची नोंदवही मी वर्षानुवर्षे लिहिली. ओपीडीच्या गर्दीत एक रकाना हमखास कोरा राहायचा : बाई गरोदर आहे का? त्याची किंमत बाळ मोजते. आईचा क्लॅमिडिया बाळंतपणात बाळाच्या डोळ्यांना, फुफ्फुसांना लागू शकतो. वेळेत कळला तर तो गोळ्यांनी बरा होतो.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समध्ये २००६-०७ साली काही दवाखान्यांनी हे काम संगणकावर सोपवले. रुग्णाचा लॅब रिपोर्ट, निदान आणि औषधे वाचून संगणकच आरोग्य खात्याचा अहवाल तयार करी. जुन्या पद्धतीने क्लॅमिडियाचे ५४५ रुग्ण कळले होते, संगणकाने ७५८ शोधले. गुप्तरोग झालेल्या गरोदर बायका कागदावर ५ होत्या, संगणकात ८१! बाकी सगळी माहिती मात्र दवाखान्यातच राहिली.

आपल्याकडेही केसपेपर संगणकावर जात आहेत. ही मोजणी हवीच. पण माझे नाव कोणाकोणाला दिसेल, हे खिडकीवर बेधडक विचारा. एचआयव्हीच्या रुग्णांची माहिती सुरक्षित ठेवणे २०१७ च्या कायद्याने बंधनकारक आहे. प्रत्येक गुप्तरोगासाठी तसाच स्पष्ट नियम मागूया. बदनामीची भीती गेली, तरच बाई तपासणीला येईल.