ठिपके मानेवर की गळ्याखाली?

गॅलरीतल्या कुंडीत चार काड्या टाकून दोन पांढरी अंडी घालणारा, विजेच्या तारेवर जोडीने बसणारा, अंगणात दाणे टिपणारा तो पक्षी बहुतेकांच्या तोंडी नुसता 'होला' असतो. पारव्यापेक्षा लहान, सडपातळ, मातकट रंगाचा. पण या वर्णनात महाराष्ट्रातले दोन अगदी नेहमीचे पक्षी बसतात: ठिपकेवाला होला आणि लहान तपकिरी होला. दोघे एकमेकांचे जवळचे नातलग. नर-मादी दोन्हींत सारखेच दिसतात, आणि उडताना दोघांच्याही शेपटीच्या कडांची पांढरी टोकं चमकतात. म्हणून उडत्या होल्यावरून घाई करू नये, त्याला बसू द्यावं.

बसला की नक्षी कुठे आहे ते पाहावं. ठिपकेवाल्याच्या मानेवर मागच्या बाजूला रुंद काळा पट्टा असतो आणि त्यावर पांढऱ्या ठिपक्यांची दाट पखरण. समोरून मात्र त्याची छाती साधी, गुलाबीसर. लहान तपकिरीचं नेमकं उलट: मान मागून कोरी, आणि पुढे गळ्याखाली तांबूस पट्ट्यावर बारीक काळे ठिपके. एवढ्यावर दहांपैकी बहुतेक होले ओळखू येतात.

पक्षी आडवा बसला आणि मान दिसेना, तर पंख पाहावेत. खरं तर मला मानेपेक्षा पंखांचीच खूण अधिक भरवशाची वाटते, कारण पिल्लांच्या मानेवरची नक्षी उमटलेली नसते किंवा फिकी असते. आपल्याकडच्या ठिपकेवाल्याच्या पाठीवर आणि पंखांवर फिकट गुलाबी-बदामी ठिपके विखुरलेले असतात. लहान तपकिरीची पाठ एकरंगी, मातीसारखी, आणि मिटलेल्या पंखाच्या कडेला निळसर करडा पट्टा. उन्हात हा निळा रंग छान उठून दिसतो. आकाराचा उपयोग कमी: ठिपकेवाला साधारण 30 सेंटीमीटर, दुसरा त्याहून तीन-चार सेंटीमीटरने लहान. दोघे शेजारी असतील तरच हे कळतं.

कानांनी तर न पाहताही ओळखता येतं. ठिपकेवाल्याचं घुमणं भारदस्त, संथ, शेवटी 'क्रूऽ क्रूऽ' असं लांबवलेलं. लहान तपकिरीचा आवाज हलका. पाच-सहा सूर भराभर येतात, मध्ये चढतात आणि उतरून थांबतात, कुणीतरी दबक्या आवाजात हसावं तसे.

दोघांच्या आवडीही वेगळ्या. ठिपकेवाल्याला झाडी आणि ओल हवी. कोकणात, सह्याद्रीच्या उतारांवर, जुन्या बागांत तो हमखास भेटतो, आणि पूर्वेकडे त्याची वस्ती थेट चीनपर्यंत जाते. लहान तपकिरी कोरड्या मुलखाचा. देशावरचे माळ, बाभळी-बोरींची झुडपं, खळी, गावांच्या कडा या त्याच्या जागा, आणि पश्चिमेकडे तो अरबस्तानातून आफ्रिकेपर्यंत पसरला आहे. पुण्यासारख्या शहरात मात्र हे दोन्ही मुलूख एकमेकांत मिसळतात आणि एकाच सोसायटीत दोघांचं घुमणं ऐकू येतं.

म्हणूनच नोंदवहीत दोघांना 'होला' या एकाच नावाखाली घालू नये असं मला कळकळीने वाटतं. उद्या एखाद्या माळाला पाणी मिळालं, तिथे बागा उभ्या राहिल्या, तर तिथला कोणता होला वाढला आणि कोणता हटला हे याच साध्या नोंदींतून कळेल. दोघांची बेरीज तशीच राहिली तर आत झालेला बदल कुणालाच दिसणार नाही.

एक तिसराही मध्येच फसवतो, पठाणी होला. फिकट राखी-वाळूच्या रंगाचा, अंगावर एकही ठिपका नाही. मानेमागे फक्त काळी, अरुंद अर्धी कंठी. माळावरच्या तारेवर तो लहान तपकिरीच्या जोडीने बसलेला असतो, तेव्हा अख्खी रांग एका नावाने लिहिण्याआधी प्रत्येकाची मान पाहून घ्यावी.