व्हॅरम पर्सी येथील ओस चर्च

इंग्लंडांतील यॉर्कशायर प्रांतीं, वोल्ड्स नांवाच्या खडूच्या टेकड्यांत, व्हॅरम पर्सी हें ओसाड गांवठाण आहे. घरांचीं जोतीं गवताखालीं गेलीं आहेत. उभें आहे तें सेंट मार्टिनचें चर्च, तेंही छपराविना. १३४८-४९ च्या महामारीनें हें गांव बुडालें, असा समज रूढ आहे. तो ग्राह्य नाहीं, असें आमचें मत आहे.

प्रथम इमारतीची साक्ष पाहूं. मॉरिस बेरेस्फोर्ड व जॉन हर्स्ट यांच्या देखरेखीखालीं १९५० ते १९९० पर्यंत येथें उत्खनन झालें. खांबांच्या खड्ड्यांवरून आरंभीं लहान लाकडी चर्च असावें, असें अनुमान निघालें. त्या जागीं दगडी चर्च झालें व वस्ती वाढली तशा त्यास दोहों बाजूंस ओवऱ्या जोडल्या गेल्या. पुढें वस्ती घटतां त्याच ओवऱ्या पाडून मधल्या कमानी दगडांनीं बुजविल्या. त्या बुजविलेल्या कमानी भिंतींत अद्यापि स्पष्ट दिसतात.

परंतु वस्ती कां घटली, हें भिंत सांगत नाहीं. त्यासाठीं दप्तर पाहिलें पाहिजे. महामारीनंतर वीस वर्षांनीं, १३६८ सालीं, येथें सुमारें तीस घरें नांदतीं होतीं. १५१७ च्या सरकारी चौकशींत मात्र चार घरें मोडल्याची व चार नांगर बंद पडल्याची नोंद आहे. म्हणजे रोगानें गांव दुबळें झालें खरें. पण तें उठलें तें दीडशें वर्षांनीं, जमीनधन्यांस नांगरापेक्षां मेंढ्यांची लोकर किफायतशीर वाटली म्हणून.

मग गांव गेल्यावर चर्च कां टिकलें? कारण थिक्सेनडेल वगैरे शेजारचीं गांवें त्याच चर्चच्या हद्दींत मोडत. १८७० सालीं थिक्सेनडेलास स्वतंत्र चर्च मिळालें. १९४९ सालीं येथें शेवटची उपासना झाली व १९५९ सालीं मनोऱ्याचा कांहीं भाग कोसळला.

यावरून संशोधकांनीं एक सावधगिरी घ्यावी. चर्चच्या विस्तारावरून एकट्या गांवाची लोकसंख्या ठरवूं नये. तो सर्व हद्दीचा हिशेब असतो. तसेंच एका मोठ्या आपत्तीच्या माथीं सर्व नाश मारण्यापूर्वीं पुढील शतकाचे कागद अवश्य तपासावे. व्हॅरम पर्सीच्या शेवटच्या कुळांचीं नांवें आम्हांस ठाऊक नाहींत; त्यांच्या चार घरांची नोंद मात्र राहिली, आणि तेवढ्या एका नोंदीनें दोष कोणाचा हें ठरविलें.