पाऱ्याने चढवलेलं सोनं

२७ जुलै १२१५. जर्मनीतल्या आखेन शहरात दुसऱ्या फ्रेडरिकला राजमुकुट चढवून दोनच दिवस झाले होते. वीस वर्षांच्या या राजाने अंगावरचा जड झगा उतरवला, हातोडा घेतला आणि कारागिराच्या जोडीने एका पेटीचे खिळे ठोकले. पेटीत अस्थी होत्या सम्राट शार्लमेनच्या. त्याला जाऊन तेव्हा चारशे वर्षं झाली होती.

ही पेटी आजही आखेनच्या कॅथेड्रलमध्ये आहे. लांबी सुमारे दोन मीटर. संतांच्या अशा पेट्यांवर बहुधा ख्रिस्ताच्या शिष्यांच्या मूर्ती असत. इथे लांब बाजूंवर सोळा राजे आणि सम्राट बसले आहेत. दर्शनी बाजूला शार्लमेन सिंहासनावर, तर पोप आणि आर्चबिशप त्याच्या दोन्ही अंगांना उभे. सत्ता थेट देवाकडून आली, हा दावा सोनारांनी धातूत घडवला आहे.

पेटी सोन्याची दिसते, पण आतून ओक लाकडाची आहे. त्यावर चांदीचे आणि तांब्याचे पत्रे. मूर्तींसाठी चांदीचा पत्रा ठोकून उठाव आणला आणि मग त्यावर सोन्याचा मुलामा चढवला. सोनं वितळायला १०६४ अंश सेल्सिअस लागतात आणि चांदी ९६२ अंशांनाच वितळते. म्हणजे वितळलेलं सोनं चांदीवर ओतायची सोयच नाही. पाऱ्यात मात्र सोनं सहज मिसळतं. त्याचा लोण्यासारखा मऊ लगदा स्वच्छ घासलेल्या पत्र्यावर चोपडायचा आणि पत्रा निखाऱ्यांवर धरायचा. पारा ३५७ अंशांना उकळतो. तो वाफ होऊन उडतो आणि सोनं धातूला घट्ट धरून राहतं. सुरुवातीला ते निस्तेज दिसतं, गुळगुळीत दगडाने घोटल्यावर झळकतं. हा थर मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतकाच असतो.

थोडा पारा मात्र सोन्यात अडकून राहतो. म्हणूनच जुन्या वस्तूवर क्ष-किरण टाकून तिचा मुलामा या पद्धतीचा आहे का, हे आज ओळखता येतं. बाकीचा पारा वाफ होऊन कारागिराच्या श्वासात जाई आणि त्याच्या मज्जासंस्थेवर घाव घाली.

खिळे ठोकणाऱ्या राजाचं नाव इतिहासाने जपलं. पेटी घडवणाऱ्या सोनारांची नावं मात्र कुठेच नोंदलेली नाहीत. शार्लमेनच्या गौरवाची किंमत त्यांनी आपल्या तब्येतीने मोजली. या पेटीचं मोठेपण सांगताना पहिला मान त्यांच्या विद्येला द्यायला हवा.