डबा फोनची कमाल

मदतकार्य म्हटलं की डोळ्यांसमोर हेलिकॉप्टर, तंबू नि धान्याची पोती येतात. पण गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या कामात खरा भाव खाऊन गेलाय तो बटणांचा साधा फोन. पुढचे किस्से वाचा. महागडं यंत्र कुठे अडलं आणि स्वस्तातलं कुठे धावून आलं, ते आपसूक ध्यानात येईल.

एका फोनवर गाव वाचलं
२६ डिसेंबर २००४. पुदुच्चेरीजवळच्या नल्लवाडू या कोळ्यांच्या गावातला एक तरुण सिंगापूरला नोकरीला होता. समुद्रात काहीतरी भयंकर घडलंय हे बातम्यांतून कळताच त्यानं घरी फोन लावला, तर बहीण म्हणाली, घरात पाणी शिरतंय! गावात स्वामिनाथन फाउंडेशनचं माहिती केंद्र होतं आणि त्याला भोंगा होता. गावकऱ्यांनी केंद्राचं दार फोडलं आणि भोंग्यावरून किनारा सोडायचा पुकारा केला. त्सुनामीत दीडशे घरं नि दोनशे होड्या गेल्या. साडेतीन हजारांहून अधिक माणसं मात्र बचावली.

वारणेत संगणक हरला
१९९८मध्ये वारणानगर परिसरातल्या सुमारे सत्तर गावांत ‘वायर्ड व्हिलेज’ योजनेखाली संगणक आले. केवढा गाजावाजा! प्रत्यक्षात शेतकरी तिथे मुख्यतः साखर कारखान्याचीच कामं करायचे: ऊस किती टन भरला, खताचं खातं काय म्हणतंय. एवढ्यासाठी संगणक सांभाळायचा, त्याची दुरुस्ती करायची, वर लोडशेडिंग सोसायचं! मग मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधकांनी सात गावांत संगणकाऐवजी एसएमएस वापरून पाहिला. शेतकऱ्यानं मेसेज टाकायचा, उत्तर मोबाइलवर हजर. खर्च कमी, वेळेचं बंधन नाही.

तारलीला गिऱ्हाईक!
१४ जानेवारी १९९७ची सकाळ, केरळमधलं वडकरा बंदर. ११ कोळ्यांना तारलीला गिऱ्हाईक मिळेना. त्याच वेळी जवळपास १५ किलोमीटरच्या आतल्या बाजारांतून २७ खरेदीदार मासळीवाचून परत निघाले होते! लवकरच त्या किनाऱ्यावर मोबाइल आला. कोळी समुद्रातूनच भाव विचारून बंदर ठरवू लागले. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी हिशेब मांडला: कोळ्यांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकाला मासळी ४ टक्क्यांनी स्वस्त मिळाली. मासळी फेकून देणं तर जवळपास थांबलंच.

बसवाल्याची सुट्टी
नैरोबीत कमावणारा मुलगा पूर्वी गावाकडे पैसे पाठवायचा ते अनेकदा ओळखीच्या बसवाल्याच्या हाती. केनियात बचत गटांच्या कर्जाचे हप्ते फोनवरून भरता यावेत म्हणून एक प्रयोग झाला. लोक त्यावरून एकमेकांनाच पैसे धाडू लागले. फोन कंपनीनं लोकांचा कल ओळखला आणि मार्च २००७मध्ये ‘एम-पेसा’ बाजारात आणलं. बँकेचं खातं नको, इंटरनेट नको. २०१६च्या एका अभ्यासानुसार या सोयीमुळे केनियातली १ लाख ९४ हजार कुटुंबं गरिबीतून वर आली.

४६३६
जानेवारी २०१०, हैतीत भूकंप. ४६३६ या नंबरवर फुकट मेसेज पाठवून मदत मागता येत होती. पंचाईत अशी, की मेसेज यायचे हैतीच्या क्रिओल भाषेत आणि परदेशी पथकांना ती येत नव्हती. मग परदेशांत राहणारे हैतीचे लोक आपापल्या घरी संगणकापुढे बसले. ते काही मिनिटांत भाषांतर करायचे, जागेचा पत्ता सांगायचे. गल्लीचं स्थानिक नाव त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार?

खरवडा आणि खात्री करा
नकली औषधांनी बेजार झालेल्या घानात ‘एमपेडिग्री’नं तोड काढली. पाकिटावरची पट्टी खरवडायची, खालचा कोड एसएमएस करायचा. औषध अस्सल की बनावट, याचं उत्तर फोनवर.

आभाळातून रक्त
ऑक्टोबर २०१६पासून डोंगराळ रवांडात ड्रोन रक्ताच्या पिशव्या पोचवतात. गंमत म्हणजे ड्रोन दवाखान्यात उतरतच नाही. वरूनच छोट्या पॅराशूटनं खोकं सोडतो नि मागे फिरतो.

आठवा महिना? फोन वाजणार!
मुंबईच्या ‘आरमान’ संस्थेची ‘एममित्र’ सेवा गरोदर बायांना आवाजी फोन करते. वाचता न येणाऱ्या बाईलाही तिच्याच भाषेत आणि तिच्या सोयीच्या वेळी, त्या त्या टप्प्यावर काय खायचं, कधी दवाखाना गाठायचा, ते कळतं. फोन ऐकणं कोण सोडून देईल, याचा अंदाज आता कृत्रिम बुद्धिमत्तेकडून घेतात. समजूत काढायला मात्र माणूसच लागतो.

आणि थोडा कडू घोट
माहिती गोळा केली की ती सांभाळावीही लागते. जानेवारी २०२२मध्ये आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसवर सायबर हल्ला झाला आणि ५ लाख १५ हजारांहून अधिक लोकांची माहिती उघडी पडली. त्यात युद्धात ताटातूट झालेले, बेपत्ता आणि कैदेतले लोक होते. ज्याच्याकडे गमावण्यासारखं काही उरलेलं नाही, त्याचं नावगाव तरी जपायला हवंच.

तुमचाही हात लागू द्या
हैतीच्या भूकंपात आणखी एक गोष्ट घडली. राजधानी पोर्ट-ऑ-प्रिन्सचा धड नकाशाच नव्हता. जगभरातल्या शेकडो स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रं पाहून ‘ओपनस्ट्रीटमॅप’वर रस्ते आणि इमारती रेखाटल्या, पथकं तोच नकाशा घेऊन फिरली. हे काम आजही चालू आहे. ‘मिसिंग मॅप्स’ नावाच्या उपक्रमात नकाशावर नसलेली गावं लोक घरबसल्या रेखाटतात. डिग्री लागत नाही, पैसे लागत नाहीत. संगणक, इंटरनेट आणि तासभर वेळ पुरे. येत्या रविवारी करूनच बघा.