गजकर्णाचं वर्तुळ कोण आखतं?

पावसाळा लागला की अंधेरीचा सबवे तुंबतो, घाटकोपरच्या गर्दीत कपडे अंगाला चिकटतात आणि जांघेत, काखेत खाज सुटते. गजकर्ण म्हणा, नायटा म्हणा, करामत बुरशीचीच. पण तिला थोपवणारी आपली कातडी जबरदस्त आहे!

ही बुरशी जगते केराटिनवर, म्हणजे कातडीच्या वरच्या मेलेल्या थरावर. खाली जिवंत पेशींत तिची डाळ सहसा शिजत नाही. तिला गारवा मानवतो, अंगातली 37 अंशांची ऊब नाही. तिला लागणारं लोह रक्तातलं ट्रान्सफेरिन हे प्रथिन धरून ठेवतं. शिवाय वरचा थर महिन्याभरात झडतो आणि बुरशीलाही घेऊन जातो.

डोक्यातला नायटा मुलांना होतो, मोठ्यांना क्वचितच. वयात येताना तेलग्रंथी जाग्या होतात आणि त्या तेलातली मेदाम्लं बुरशीला जड जातात.

आता ते वर्तुळ. बुरशीच्या भिंतीत बीटा-ग्लुकान असतं, आपल्या पेशींत ते नसतंच. पांढऱ्या पेशींवरचं डेक्टिन-1 ते बरोबर हेरतं. मग न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी धावून येतात. टी-पेशी आयएल-17 हे संदेश देणारं प्रथिन सोडतात, तशी कातडी स्वतःच बुरशीमारक प्रथिनं बनवू लागते. मधला भाग आधी निवळतो, बुरशी नव्या केराटिनकडे बाहेर सरकते. लाल, खाजरी कडा दिसते तिथे लढाई ऐन भरात असते.

एकोणिसाव्या शतकात मुंबईत गजकर्णावर ‘गोवा पावडर’ लावत. ती मूळची गोव्याची नव्हेच! ब्राझीलमधल्या एका झाडाच्या खोडातली ही भुकटी पोर्तुगीजांमुळे इथवर आली.

आजचा शत्रू जास्त चिवट आहे. या बुरशीला ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ हे नाव जपानी संशोधकांनी 2020 मध्ये दिलं. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला ती बरेचदा दाद देत नाही. त्यात आपण स्टेरॉइडचं मिश्रण असलेलं मलम चोळतो. खाज थांबते, कारण लढणाऱ्या पेशीच गप्प होतात, आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. 2018 पासून अशा मलमांना डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची आहे.

तेव्हा मेडिकलवाल्याकडे ‘खाजेचं काहीतरी द्या’ म्हणू नका. त्वचारोगतज्ज्ञ गाठा, अंधेरीकरांना जुहूचं महापालिकेचं कूपर रुग्णालय जवळ आहे. घरात आणखी कुणाला खाज असेल तर त्यांनाही सोबत न्या. आणि डाग गेला तरी औषध सांगितलेल्या दिवसांपर्यंत घ्याच.