घर चाकांवर, जबाबदारी वाऱ्यावर

उन्हाळ्याच्या दिवसांत अमेरिकेच्या महामार्गांवर एक वेगळीच वर्दळ दिसते. एसटीच्या बसएवढी लांब, खिडक्यांना पडदे लावलेली, टपावर एअरकंडिशनरची पेटी बसवलेली वाहने एकामागून एक जात असतात. आत स्वयंपाकाचा ओटा, फ्रीज, पलंग, न्हाणीघर, संडास, सगळे काही! ही तिकडची 'आरव्ही', म्हणजेच रिक्रिएशनल व्हेइकल. मुलाकडे किंवा लेकीकडे गेलेल्या आजी-आजोबांना यलोस्टोन नाहीतर ग्रँड कॅन्यन दाखवायला तिथली काही मराठी कुटुंबेही आठवडाभर ती भाड्याने घेतात. वरणभात आपल्या हातचा, हॉटेलचा खर्च नाही आणि नातवंडे खूश. अल्बममधले फोटो पाहून इकडच्यांना हेवा वाटतो.

पण हे घर बिघडले तर? साधी मोटार गॅरेजमध्ये गेली तर माणूस बसने कामावर जातो. निवृत्तीनंतर राहते घर विकून कायमचे आरव्हीत राहायला गेलेली हजारो जोडपी अमेरिकेत आहेत. त्यांची गाडी गॅरेजमध्ये जाते तेव्हा त्यांचे घरच गॅरेजमध्ये गेलेले असते. औषधे, कपडे, कागदपत्रे, पाळीव कुत्र्याचे अंथरूण, सारे आत! मग मोटेलमध्ये खोली घ्यायची आणि रोज सकाळी फोन करायचा, 'आमच्या गाडीचा नंबर कधी लागणार?' या गाड्यांवरची कर्जे बहुधा पंधरा-वीस वर्षांची असतात. गाडी उभी असली तरी हप्ता उभा राहत नाही.

एक गाडी, अनेक कारखाने

या दुखण्याचे मूळ शोधायचे तर इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट या गावी जावे लागते. अमेरिकेतल्या दर पाच आरव्हींपैकी साधारण चार या गावात आणि आसपासच्या परिसरात तयार होतात. थॉर, बर्कशायर हॅथवेच्या मालकीची फॉरेस्ट रिव्हर आणि १९५८ मध्ये आयोवातल्या फॉरेस्ट सिटीत सुरू झालेली विनेबागो हे या धंद्यातले तीन मोठे समूह. बाजारात दिसणारी बरीचशी वेगवेगळी नावे या तिघांपैकीच कोणाची तरी असतात.

आरव्हीचे ढोबळ प्रकार दोन. एक स्वतःच्या इंजिनावर चालणारे मोटारहोम आणि दुसरे पिकअप ट्रकच्या मागे जोडून ओढायचे ट्रेलर. मोटारहोमची चासी आणि इंजिन येते फोर्ड, फ्रेटलायनर किंवा मर्सिडीजसारख्या कंपनीकडून. तिच्यावर घर बांधतो एल्कहार्टचा कारखाना. फ्रीज तिसऱ्याचा, जनरेटर चौथ्याचा, पाण्याचा पंप पाचव्याचा. प्रत्येकाची वॉरंटी वेगळी, तिची मुदत वेगळी आणि फोन नंबरही वेगळा! दिवे मंद झाले की घर बांधणारा म्हणतो चासीची बॅटरी पाहा, चासीवाला म्हणतो घराचे वायरिंग पाहा. 'दोन्ही घरचा पाहुणा उपाशी' ही म्हण कोणा आरव्हीवाल्यासाठीच केली असावी असे वाटू लागते.

बांधणीची पद्धतही जाणून घेण्याजोगी आहे. एल्कहार्टच्या अनेक कारखान्यांत मजुरी नगावर मिळते. पहाटे काम सुरू होते आणि दिवसाचा आकडा पूर्ण झाला की दुपारीच सुट्टी. यात बरेच कारागीर आमिश पंथाचे असतात. जे लोक स्वतःच्या मालकीची मोटार बाळगत नाहीत, त्यांच्या हातून देशाची चाकांवरची घरे तयार होतात ही गंमतच. सुतारकामात त्यांचा हात धरणारे थोडे. पण मजुरी नगावर असली की वेगाची किंमत वाढते, आणि राहून गेलेला एखादा स्क्रू किंवा अर्धवट भरलेली फट गिऱ्हाइकाच्या वाट्याला येते.

करोनाच्या साथीत हे फारच जाणवले. विमाने आणि हॉटेले बंद पडल्यावर लोकांनी आरव्हीकडे धाव घेतली आणि २०२१ मध्ये कारखान्यांतून सहा लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. तो उच्चांक होता. २०२३ मध्ये हा आकडा सव्वातीन लाखांच्याही खाली आला. मधल्या काळात गाड्या खूप वाढल्या, दुरुस्त करणारे हात मात्र तितके वाढले नाहीत. उद्योगाच्या संघटनेने आता एल्कहार्टमध्येच आरव्हीचे मेकॅनिक शिकवणारी संस्था काढली आहे, पण चांगला मेकॅनिक काही एका वर्षात तयार होत नाही.

पाणी शिरले की संपले

आरव्हीचा सर्वांत मोठा शत्रू अपघात नव्हे, पाणी. छतावर रबराचा किंवा प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. त्याच्या कडा, झरोके, एअरकंडिशनरची चौकट अशा प्रत्येक सांध्यावर सीलंट भरलेले असते. रस्त्यावर हे घर सतत हादरते आणि सीलंटला बारीक भेगा जातात. पावसाचे पाणी आत शिरून प्लायवूड कुजवते. बाहेरून दिसतो तो भिंतीला आलेला फुगा, कारण फायबरचा पत्रा आतल्या लाकडापासून सुटलेला असतो. तोवर दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो. आणि कंपनीकडे गेल्यावर उत्तर मिळते, 'सीलंट वेळोवेळी तपासणे ही मालकाची जबाबदारी, पुस्तिकेत छापले आहे.' छापलेले असते हे खरेच. फक्त विकताना ते कोणी मोठ्याने वाचून दाखवत नाही.

फ्रीजची कथा याहून गंभीर आहे. आरव्हीतले अनेक फ्रीज आपल्या घरातल्यासारखे कॉम्प्रेसरवर चालत नाहीत. गॅसच्या ज्योतीने किंवा विजेने अमोनिया आणि पाण्याचे मिश्रण तापवायचे आणि त्यातून थंडावा मिळवायचा अशी त्यांची रचना असते. गाडी उतारावर तिरकी उभी राहिली की द्रवाचा प्रवाह अडतो, नळी जास्त तापते आणि कालांतराने तिला तडा जातो. बाहेर पडणारा वायू पेट घेऊ शकतो. २००६ मध्ये डॉमेटिक कंपनीला अशा नळीच्या दोषामुळे नऊ लाखांहून अधिक फ्रीज दुरुस्तीसाठी परत बोलवावे लागले. सुरक्षिततेच्या अशा दोषांवर तिथल्या सरकारी खात्याची नजर असते आणि दुरुस्ती फुकट करून द्यावी लागते. गळक्या छतामुळे कोणी मरत नाही, म्हणून ते या यादीत सहसा येत नाही.

ओढणारा ट्रक

ट्रेलर घेणाऱ्याला वाटते, यात इंजिनच नाही, म्हणजे डोक्याला तापही नाही. पण ताप त्याला ओढणाऱ्या ट्रकला होतो. ट्रेलर सरळ चालायचा असेल तर त्याच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या हुकावर यावा लागतो. भार कमी पडला तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा डावीउजवीकडे हलू लागतो आणि पुढच्या ट्रकलाही घेऊन उलटू शकतो. समजा, ट्रेलर तीन हजार किलोंचा आहे. म्हणजे हुकावर साडेचारशे किलोंपर्यंत भार. ट्रकमध्ये चार माणसे, म्हणजे २८० किलो, आणि सामान दीडशे किलो. एकूण झाले ८८० किलो. ट्रकच्या दारावरच्या चिठ्ठीत सातशे किलोच लिहिले असतील तर मामला तिथेच बिघडला. जाहिरातीत मात्र साडेचार हजार किलो ओढण्याची ताकद ठळक अक्षरांत असते! पुढे घाटात गिअरबॉक्स तापून जळला की कंपनी पहिला प्रश्न विचारते तो वजनाचा.

नव्या डिझेल गाड्यांची आणखी एक तऱ्हा. धूर स्वच्छ करण्यासाठी त्यांत डिझेलखेरीज युरियाचे द्रावण भरावे लागते. त्यात युरिया साडेबत्तीस टक्के, बाकी पाणी. टाकीतल्या द्रावणाची पातळी आणि प्रत मोजणारा सेन्सर बिघडला की द्रावण भरलेले असूनही संगणकाला ते दिसत नाही. तो आधी इशारा देतो आणि मग गाडीचा वेग माणसाच्या चालीइतका खाली आणतो. २०२१-२२ मध्ये जगभर इलेक्ट्रॉनिक चिपचा तुटवडा पडला आणि हा सेन्सरच मिळेना. इंजिन ठणठणीत, पण लाखो डॉलरची मोटारहोमे आठवडेच्या आठवडे उभी राहिली. शेवटी इंजिनाच्या संगणकातला कार्यक्रम बदलून त्यांना वाट करून द्यावी लागली.

टोचन लावायचे तर

बंद पडलेली गाडी टोचन लावून नेण्यासाठी खास ट्रक बनवण्याची कल्पनाही अमेरिकेतलीच. टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा गावच्या अर्नेस्ट होम्स या गॅरेजवाल्याला १९१६ मध्ये ओढ्यात उलटलेली मित्राची फोर्ड बाहेर काढायला दोर, ओंडके आणि सहा-आठ माणसे घेऊन तासन् तास खपावे लागले. त्यानंतर त्याने जुन्या कॅडिलॅक मोटारीवर खांब, कप्पी आणि साखळी बसवून ओढगाडी तयार केली. त्या गावात आज या ट्रकांचे संग्रहालय आहे.

पण बारा मीटर लांबीचे मोटारहोम साध्या ओढगाडीला पेलत नाही. त्याला अवजड वाहनांची क्रेन लागते. मागची चाके जमिनीवर ठेवून ओढायचे तर आधी प्रोपेलर शाफ्ट सोडवावा लागतो, नाहीतर गिअरबॉक्स तेलावाचून फिरून खलास होतो. मोटार क्लबच्या नेहमीच्या सदस्यत्वात आरव्ही धरलेली नसते, तिची वर्गणी वेगळी. हे अनेकांना कळते ते रस्त्याच्या कडेला, रात्री, फोनवर!

टोचन लावून गाडी जवळच्या विक्रेत्याकडे नेली तरी प्रश्न सुटतोच असे नाही. 'तुम्ही आमच्याकडून घेतलेली नाही' म्हणून वॉरंटीचे काम नाकारणारे किंवा रांगेच्या शेवटी टाकणारे विक्रेते पुष्कळ आहेत. त्यांची बाजूही ऐकायला हवी. वॉरंटीच्या कामाचे कारखाना जे पैसे आणि जितके तास मंजूर करतो, त्यापेक्षा रोख गिऱ्हाईक त्यांना परवडते. त्यामुळे वॉरंटी कागदावर देशभर असली तरी प्रत्यक्षात गाडी घेतली त्या गावापुरतीच उरते. फिरण्यासाठी घेतलेल्या वस्तूचे हे नशीब!

कायद्यातली पळवाट

वारंवार दुरुस्त करूनही नीट न होणाऱ्या नव्या गाडीला अमेरिकेत 'लेमन', म्हणजे लिंबू म्हणतात. अशी गाडी परत घ्यायला लावणारा पहिला 'लेमन लॉ' कनेक्टिकट राज्याने १९८२ मध्ये केला आणि मग सर्व राज्यांनी तसे कायदे केले. १९७५ चा केंद्रीय वॉरंटी कायदा त्याआधीचा. पण आरव्हीच्या बाबतीत या कायद्यांना भोके आहेत. कॅलिफोर्नियाच्या लेमन कायद्यात मोटारहोमची चासी आणि चालवण्याचा भाग येतो, राहण्याचा भाग वगळला आहे. आणि जिथे हा सगळा उद्योग आहे, त्या इंडियानाच्या लेमन कायद्याच्या व्याख्येतून तर मोटारहोम नाव घेऊनच वगळलेले आहे! वर अनेक कारखान्यांच्या वॉरंटीत दावा इंडियानातच लावण्याची अट असते. टेक्सासच्या निवृत्त शिक्षकाने गळक्या छतासाठी तिथवर जाऊन वकील करायचा म्हणजे छतापेक्षा वकील महाग.

आपल्याकडे काय?

महाराष्ट्र आणि केरळ या दोन्ही राज्यांनी २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाची धोरणे जाहीर केली. अशा गाड्या आपल्याकडे भाड्याने मिळतात, हौशी मंडळी व्हॅन किंवा मिनीबसवर घर बांधूनही घेतात. इथेही चासी एकाची आणि घर दुसऱ्याचे. हा प्रकार आपल्याला नवा नाही, ट्रक आणि बसच्या बॉड्या वर्षानुवर्षे अशाच बांधल्या जात आल्या. एसटीने मात्र दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील स्वतःच्या कार्यशाळांत बॉड्या बांधल्या. गाडी चालवणारे आणि दुरुस्त करणारेही तेच, त्यामुळे टप गळला तर तक्रार घरच्या घरीच येत असे. एसटीच्या गाड्यांना नावे ठेवणाऱ्यांनी ही एक गोष्ट तिच्या खात्यावर जमा करायला हरकत नाही.

कायद्याच्या बाबतीत आपले गिऱ्हाईक एका मुद्द्यावर अमेरिकनापेक्षा सुदैवी आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते. गाडी कोइमतूरला बांधली असली तरी साताऱ्याच्या माणसाला साताऱ्यातच दाद मागता येते. मोजलेली किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगच पुरतो. सदोष वस्तूबद्दल उत्पादक, विक्रेता आणि सेवा देणारा यांना जबाबदार धरण्याची तरतूदही त्यात आहे. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने सदोष वाहने परत बोलवण्याचे अधिकार सरकारला मिळाले.

अर्थात हा कायदा कागदावर चालतो. म्हणून पूर्ण पैसे देण्याआधी चासीवाला, बॉडीवाला आणि आतल्या उपकरणांचे विक्रेते यांच्यापैकी कोणती दुरुस्ती कोण करणार ते एकाच कागदावर सहीनिशी लिहून घ्यावे. भरलेल्या टाक्या, कुटुंब आणि सामानासह गाडीचे वजन काट्यावर करून पाहावे. टायर दिसायला नवा असला तरी त्याच्या बाजूवरचे चार आकडे वाचावेत. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे, म्हणजे १४२३ असेल तर टायर २०२३ च्या चौदाव्या आठवड्यातला. अशा गाड्या बराच काळ उभ्या असतात, त्यामुळे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. ताबा घेताना नळीने तासभर टपावर पाणी सोडावे आणि आतले कपाटांचे कोपरे हाताने चाचपून पाहावेत. हेच भाड्याने घेतानाही करावे, आणि आधीच्या ओरखड्यांचे फोटो मालकासमोरच काढून ठेवावेत. तक्रार करायची वेळ आलीच तर ती लेखी करावी आणि पोच घ्यावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.