घोरपडीचा प्रश्न



ऊसतोडणीचा हंगाम आला की बारामती-इंदापूर भागात तोडकऱ्यांच्या कोप्या पडतात. मराठवाड्यातून कुटुंबे येतात आणि त्यांच्यामागून शाळा सुटलेली पोरेही येतात. उचलीचा हिशेब समजावून द्यायला आम्ही तेथे जात असू. पावतीपुस्तकाबरोबर पिशवीत गोष्टींची पुस्तके असत. आमची स्वतःची शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण झाले ते अशाच पुस्तकांवर.

एका रात्री आम्ही सिंहगडची गोष्ट वाचली. घोरपडीला दोर बांधून मावळे कडा चढले, येथवर आलो तोच एका पोराने विचारले, "काका, घोरपड एवढी माणसं पेलती का?" आम्ही निरुत्तर झालो.

वास्तविक याच पोराने आदल्या रात्री कोल्ह्याची गोष्ट ऐकली होती. कोल्हा बोलतो कसा, हे काही त्याने विचारले नाही. इंदापूरच्या माळावर लांडगे आणि खोकड आजही आहेत. जनावर बोलत नाही हे त्याला पक्के ठाऊक. गोष्टीतला सिंह म्हणजे बळजोर माणूस आणि ससा म्हणजे दुबळा पण हुशार माणूस, हे तो न सांगता ओळखतो. सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी 1828 साली इसापनीती मराठीत आणली. त्याआधीपासून चिमणी-कावळ्याच्या गोष्टी आज्या सांगतच होत्या. तेथे पुरावा मागायचा नसतो, मर्म घ्यायचे असते.

इतिहासाचे तसे नाही. 1670 साली तानाजी मालुसरे खरोखर पडले. घोरपड आहे ती शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यात. घटनेनंतर तीस वर्षांच्या आत लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत ती नाही. तेथे मावळे आपल्या हातापायांच्या बळावर चढतात.

मग पुस्तकातून घोरपड काढून टाकावी काय? आम्ही म्हणू, मुळीच नको. "शाहीर असे गातात, बखर असे सांगते," एवढे एक वाक्य लेखकाने घालावे. त्याने गोष्टीची गोडी कमी होत नाही. उलट माणसांचे शौर्य वाढते. मालोजीराजे इंदापुरी पडले, तेही मुलांना असेच सांगावे. गाव तर जवळच आहे.

पुढच्या खेपेस आम्ही त्या पोराला हे उत्तर दिले. त्याच्या प्रश्नावर कोणी हसू नये. आज जो घोरपडीला किती वजन पेलते ते विचारतो, तोच उद्या काट्यावरच्या उसाचे वजन विचारील.